जीपचा क्लच : कणखरपणाचे मोल

दिल्लीच्या दक्षिणेस, गुरुग्राम आणि फरीदाबादच्या अंगाला, अरवलीच्या पुरातन टेकड्या पसरल्या आहेत. राजधानीतील हौशी मंडळींना तेथल्या खडकाळ वाटांची ओढ असते. त्यांची वाहने बहुधा जीपच्या वंशातली. १९४७ साली महिंद्रा कंपनीने भारतात विलिस जीप जोडावयास आरंभ केला. आजची नाशिकची ‘थार’ ही त्याच परंपरेतली. अशा गाडीला मोठे टायर चढविले, इंजिनाचे बळ वाढविले, की क्लच घसरू लागतो आणि धन्याला अधिक कणखर क्लचचा मोह होतो.

क्लचचे कार्य मुळात साधे आहे. इंजिनाचे फ्लायव्हील आणि स्प्रिंगने दाबलेली प्रेशर प्लेट यांच्यामध्ये घर्षणाचे अस्तर लावलेली एक तबकडी धरलेली असते. ती किती टॉर्क पेलू शकेल, हे तीन गोष्टींवर ठरते : अस्तराचे घर्षण, स्प्रिंगचा दाब आणि तबकडीचा घेर. घेर वाढविण्यास जागा क्वचितच असते. तेव्हा उरतात दाब आणि अस्तर.

दाब वाढविला, तर पेडल जड होते. टेकडीवर हे तासभर सोसेल. परंतु गुरुग्रामच्या संथ रहदारीत शेकडो वेळा पेडल दाबणाऱ्या पायाला ते सोसत नाही. रिलीज बेअरिंगवरचा भारही वाढतो. अस्तर सिरॅमिकचे घेतले, तर ते उष्णता सोसते खरे. पण एकाएकी पकड घेते, गाडी हिसके देते आणि फ्लायव्हील लवकर झिजते. खडकावर तर गाडी इंच-इंच सरकवावी लागते. तेथे हवा असतो तो मऊपणा; नेमका तोच हरवतो. हलके फ्लायव्हील बसविले, तर इंजिन चपळ होते. मात्र मंद गतीत पटकन बंद पडते.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. घसरणारा क्लच हा विजेच्या फ्यूजसारखा असतो. चाक खडकात अडकले असता तो घसरतो, म्हणून धक्का तेथेच जिरतो. तो घसरेनासा झाला, की तोच धक्का गिअरबॉक्सवर आणि ॲक्सलवर जातो. तबकडीऐवजी ॲक्सल मोडणे हा सौदा निर्जन टेकडीवर महागच पडतो.

मग उपाय काय? टायरचा व्यास १० टक्क्यांनी वाढविला, तर जमिनीवरची ओढ सुमारे ९ टक्क्यांनी घटते. ती तूट चालक अर्धवट दाबलेल्या क्लचने भरून काढतो आणि अस्तर जळते. पुष्कळदा दोष क्लचचा नसून गिअरच्या प्रमाणाचा असतो. चढ येण्यापूर्वी लो गिअर टाकणे आणि पेडलवरचा पाय वेळीच काढणे, एवढ्यानेही मूळचा क्लच टिकतो. इंजिनाचे बळ खरोखर वाढविले असेल, तर साध्याच अस्तराची, दाब थोडाच वाढविलेली जोडी पुरते. यंत्राच्या एका अवयवाला बळ देताना त्याचे ओझे कोणत्या अवयवावर पडणार, हे आधी पाहावे. शहाणपण त्यातच आहे.