औषधाची सनद आणि रुग्णाची हरकत

मुंबईत अँटॉप हिल येथे, शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयापासून फारशा दूर नसलेल्या बौद्धिक संपदा भवनात, २३ मार्च २०२३ रोजी पेटंट कार्यालयाने एक अर्ज फेटाळला. अर्जदार होती जॉन्सन अँड जॉन्सन ही बलाढ्य अमेरिकन कंपनी; मागणी होती बेडाक्विलीन या क्षयरोगावरील औषधाच्या फ्युमरेट क्षाराला पेटंट मिळावे अशी; आणि या मागणीस हरकत घेणाऱ्यांत होत्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन व दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. या दोघींनी क्षयावर मात केली होती, पण जुन्या जालीम औषधांच्या पायी दोघींनीही आपली श्रवणशक्ती गमावली होती. ज्या औषधाने असे बहिरेपण टळू शकते, ते महाग ठेवणारी मक्तेदारी आणखी चार वर्षे लांबू नये, एवढ्यासाठी त्यांनी २०१९ साली ही हरकत दाखल केली. रसायनशास्त्र आणि कायदा यांच्या सीमेवरचा हा वाद सामान्य नागरिकाने समजून घेण्याजोगा आहे, कारण आपल्या घरातील औषधाची किंमत आणि उद्याच्या संशोधनाची दिशा अशाच वादांतून ठरत असते.

पेटंट हा मूलतः राज्यसंस्था आणि संशोधक यांच्यामधील करार आहे. संशोधकाने आपली कृती त्या विद्येतील जाणकाराला जशीच्या तशी करता येईल इतक्या तपशिलाने उघड करावी आणि त्याच्या मोबदल्यात समाजाने त्याला वीस वर्षे इतरांस मनाई करण्याचा अधिकार द्यावा. मुदत सरली की ते ज्ञान सर्वांच्या मालकीचे. औषधाच्या क्षेत्रात या कराराला विशेष महत्त्व येते, कारण नवा रेणू शोधून तो मनुष्यदेहात निर्धोक व गुणकारी ठरतो हे सिद्ध करण्यास अनेक वर्षे आणि अपार द्रव्य खर्ची पडते, तर एकदा सिद्ध झालेल्या रेणूची नक्कल कुशल रसायनज्ञाला तुलनेने सहज साधते.

परंतु ही मुदत मोजली जाते अर्जाच्या तारखेपासून, आणि अर्ज तर प्रयोगशाळेतील शोधापाठोपाठच करावा लागतो, कारण शोध आधी प्रसिद्ध झाला तर त्याचे नावीन्यच नाहीसे होते. पुढे प्राण्यांवरील व माणसांवरील चाचण्यांत निम्मी मुदत संपून जाते आणि प्रत्यक्ष विक्रीस थोडी वर्षे उरतात. मग त्याच रेणूचा एखादा क्षार, एखादे स्फटिकरूप किंवा एखादे नवे मिश्रण पुढे करून दुसरे, तिसरे पेटंट मिळवावे आणि मक्तेदारीचे आयुष्य वाढवीत न्यावे, हा मोह कंपन्यांना पडतो. आणि जी बुद्धी व जे द्रव्य नव्या रोगावर वेचले जावयाचे ते जुन्याच औषधाच्या रूपांतरांत गुंतून पडते.

दुसरा दोष याहून खोल आहे. मक्तेदारीचे बक्षीस विक्रीतून मिळते, म्हणून संशोधन तिकडे वळते जिथे रोगी पैसे मोजू शकतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे, तरीही १९६० च्या दशकातील रिफाम्पिसिननंतर सुमारे चार दशके या रोगावर नव्या जातीचे औषध आले नाही, ते यामुळेच. क्षयजंतूला ऊर्जा पुरविणाऱ्या विकरालाच अटकाव करणाऱ्या बेडाक्विलीनला डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती कंपनीच्या शास्त्रज्ञांच्या प्रतिभेची निष्पत्ती खरीच; पण त्याच्या चाचण्यांत सार्वजनिक निधीचाही मोठा वाटा होता. जनतेच्या पैशाने जे उभे राहिले त्याच्या किमतीविषयी जनतेने बोलू नये, हा न्याय कोणता?

या प्रश्नाचा विचार आपल्या देशाने पूर्वीच गांभीर्याने केला आहे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली सादर केलेल्या अहवालात दाखवून दिले की, भारतातील बहुतांश पेटंटे परकीयांच्या हाती असून त्यांतील बहुसंख्यांचा येथे उत्पादनासाठी उपयोगही होत नाही. त्यातून १९७० चा कायदा आला. औषधाच्या पदार्थाला पेटंट नाही, ते बनविण्याच्या प्रक्रियेला मात्र अल्प मुदतीचे पेटंट, अशी तजवीज त्यात झाली आणि देशी औषधउद्योग बहरला. पाश्चात्त्य देशांत एड्सच्या वार्षिक उपचाराला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येत असताना मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ साली तोच उपचार सुमारे ३५० डॉलरांत देऊ केला, तो याच परंपरेच्या बळावर.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून औषधी पदार्थांना पुन्हा पेटंट देणे भाग पडले. परंतु संसदेने त्याच वेळी कायद्यात कलम ३(ड) सुधारून बसविले. ज्ञात पदार्थाचे क्षार, एस्टर, स्फटिकरूपे इत्यादी सारे एकच पदार्थ समजावेत, जोवर त्यांच्या गुणकारितेत लक्षणीय वाढ सिद्ध होत नाही, असे हे कलम सांगते. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाच्या प्रकरणात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांनी निर्वाळा दिला की, औषधाच्या बाबतीत गुणकारिता म्हणजे रोगावरील उपचाराचीच गुणकारिता. भुकटी सहज वाहते किंवा हवेतील ओलावा कमी शोषते, एवढ्याने भागत नाही. ग्लिव्हेक बनविणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीचा दावा या कसोटीवर टिकला नाही, आणि दहा वर्षांनी मुंबईत बेडाक्विलीनच्या क्षाराचा अर्जही नामंजूर झाला. मूळ रेणूचे पेटंट जुलै २०२३ मध्ये संपले, ते २०२७ पर्यंत लांबण्याचे टळले. त्यानंतर जागतिक खरेदीत या औषधाच्या सहामाही उपचाराची किंमत निम्म्याहून खाली आली.

यावरून पेटंटच नको असा निष्कर्ष काढणे मात्र अविचाराचे होईल. खऱ्या शोधाला बक्षीस मिळालेच पाहिजे, अन्यथा पुढचा शोध लावण्यास कोण धजेल? प्रश्न इतकाच की, सनद देण्यापूर्वी तिची पारख काटेकोर व्हावी आणि ज्याच्या देहावर तिचा परिणाम व्हावयाचा त्याचे म्हणणे ऐकले जावे. आपल्या कायद्याने पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणाही व्यक्तीला हरकत घेण्याचा हक्क दिला आहे, आणि मुंबईच्या निर्णयाने त्या हक्काचे मोल सिद्ध केले आहे. मार्च २०२४ च्या सुधारित नियमांनी अशा हरकतीवर शुल्क बसविले असून ती विचारात घेण्याजोगी आहे की नाही हे आधी ठरविण्याचे अधिकार पेटंट नियंत्रकाला दिले आहेत. धनाढ्य कंपनीला जे शुल्क किरकोळ, ते रुग्णसंघटनेला भार ठरू शकते. शासनाने हा भार रुग्णांवरून उतरवावा आणि हरकतीचा दरवाजा त्यांना पूर्वीइतकाच मोकळा ठेवावा. संसदेत आपले प्रतिनिधित्व करणाऱ्यांकडे त्यासाठी आग्रह धरणे हे आपणा नागरिकांचे कर्तव्य आहे.