नॉर्टनची पंधरावी फेरी

केन नॉर्टनच्या नावामागे ‘माजी जागतिक हेवीवेट विजेता’ असं बिरुद लागतं आणि ते खोटं नाही. तरीही जागतिक विजेतेपदाची एकही लढत तो कधी जिंकला नाही. तीन लढला, तिन्ही हरला. पहिली मार्च १९७४ मध्ये काराकासला, जॉर्ज फोरमनविरुद्ध. दुसऱ्याच फेरीत नॉर्टन लोळला. त्यावर बोलण्यासारखं काही नाही. उरलेल्या दोन मात्र पुरत्या पंधरा फेऱ्या चालल्या. १९७६ मध्ये न्यूयॉर्कला महंमद अलीविरुद्ध आणि १९७८ मध्ये लास व्हेगासला लॅरी होम्सविरुद्ध. २०१३ मध्ये नॉर्टन वारला, पण त्या दोन रात्रींवरची भांडणं काही मिटलेली नाहीत.

या भांडणांत दोन बाजू ठरलेल्या. एक म्हणते, जजांनी नॉर्टनला लुटलं. दुसरी म्हणते, शेवटच्या फेरीत त्याने हातातली लढत स्वतःच घालवली. माझं मत विचाराल तर १९७६ ला तो जिंकला होता आणि १९७८ ला हरला होता. पण त्याचं दुखणं पंधराव्या फेरीत सुरू झालं नव्हतं. ते समजायला थोडं मागे, १९७३ ला जावं लागतं.

त्या वर्षी ३१ मार्चला सॅन दिएगोत त्याची अलीशी पहिली गाठ पडली. नॉर्टन हा पूर्वी अमेरिकेच्या मरीन दलात होता, बॉक्सिंग तिथेच शिकला. देह एखाद्या शिल्पासारखा, नाव मात्र फारसं कुणाला माहीत नव्हतं. अलीपाशी तेव्हा जागतिक किताब नव्हता, पण दरारा होता. लोक अलीला बघायला आले आणि बारा फेऱ्यांनंतर अलीचा मोडलेला जबडा बघून गेले. जबडा कोणत्या फेरीत मोडला यावरही दोन्ही गोटांत एकमत झालं नाही: अलीची माणसं सांगत की सुरुवातीलाच मोडला, नॉर्टन म्हणे शेवटी. दोघांच्याही सांगण्यात आपापला फायदा होता.

या विजयामागे डोकं होतं एडी फच या प्रशिक्षकाचं. फचने एक साधी गोष्ट हेरली होती. अली डाव्या हाताने जॅब मारतो तेव्हा त्याचा उजवा हात हनुवटीपाशी नसतो, बाजूला राहतो. मग अलीने जॅब मारला की त्याच क्षणी एक पाऊल पुढे टाकून आपणही जॅब मारायचा. अलीचा सगळा खेळ अंतरावर उभा होता: लांबून मारायचं, मागे झुकून चुकवायचं. नॉर्टनने ते अंतरच खाऊन टाकलं. त्यातून त्याचा बचावही चमत्कारिक होता. दोन्ही हात तोंडापुढे आडवे धरून, मागचा पाय ओढत तो पुढे सरकायचा. अलीचे ठोसे त्याच्या दंडांवर, कोपरांवर आणि ग्लोव्ह्जवर आपटायचे.

पुढे जे झालं ते समजायला हे आडवे हात लक्षात ठेवायला हवेत. रिंगच्या दोरांखालून वर बघणाऱ्या जजला प्रत्येक ठोसा नेमका कुठे लागला हे दिसतंच असं नाही. ग्लोव्हवर बसलेल्या ठोशाचाही आवाज होतो, आणि मारणारा अली असला तर त्या आवाजात हजारो प्रेक्षकांचा आवाज मिसळतो. नॉर्टनचे स्वतःचे ठोसे मात्र आखूड. एक जॅब, मग बरगडीखाली एक उजवा. समोरच्याला ते जाणवत, पण गॅलरीतून टाळी मिळवणारे ते नव्हते.

पहिली लढत नॉर्टनने दोन विरुद्ध एक अशा विभागलेल्या निर्णयाने जिंकली. सहा महिन्यांनी, सप्टेंबर १९७३ मध्ये, इंगलवूडला दुसरी झाली. अली यावेळी घाम गाळून, नीट तयारीने आला होता. तीही दोन विरुद्ध एकच, पण उलट्या बाजूला. ती वाचवायला अलीला शेवटच्या फेरीत जोर लावावा लागला होता. हे नॉर्टनच्या कोपऱ्यातल्या माणसांनी पक्कं लक्षात ठेवायला हवं होतं.

तीन वर्षांनी, २८ सप्टेंबर १९७६ ला, यांकी स्टेडियममध्ये दोघे तिसऱ्यांदा उभे राहिले. आता अली विजेता होता. फोरमनला किन्शासामध्ये आणि जुना प्रतिस्पर्धी फ्रेझर याला मनिलात हरवून झालं होतं. पण अली चौतिशीचा होता आणि पाय पूर्वीसारखे चालत नव्हते. सुरुवातीच्या बऱ्याच फेऱ्यांत तो नाचलाच नाही. जमिनीला पाय रोवून नॉर्टनशी सरळ भिडायला गेला. ते साधेना तेव्हा उत्तरार्धात पुन्हा पायांवर आला. त्याने तेव्हा काय केलं ते फिल्म पाहताना स्पष्ट दिसतं. तीन मिनिटांच्या फेरीतली दोन-सव्वादोन मिनिटं नॉर्टन काम करतो आहे, पुढे जातो आहे, पोटात मारतो आहे. घंटेला अर्धं मिनिट उरलं की अली जागा होतो, आठ-दहा ठोशांची सर सोडतो. त्यातले निम्मे हातांवर जातात. मग घंटा होते, आणि जज पेन्सिल उचलतो.

याला फसवणूक म्हणता येणार नाही. ती डावपेचांतली हुशारीच आहे, आणि अलीइतकी ती कुणालाच जमली नाही. जजने स्वच्छ आणि परिणामकारक ठोसे, परिणामकारक आक्रमण, बचाव आणि रिंगवरचा ताबा एवढं पाहायचं असतं, असं नियम सांगतात. तीन मिनिटांची सरासरी कशी काढायची हे कुठलाच नियम सांगत नाही. ताजं ते जड वाटतं. पुढे फिल्मवरून ठोसे मोजणाऱ्यांनी हिशेब मांडला तेव्हा नॉर्टनचे लागलेले ठोसे अलीपेक्षा बरेच जास्त भरले. पण न्यूयॉर्कमध्ये तेव्हा ठोसे मोजत नसत, फेऱ्या मोजत. फेरी निसटती जिंकली काय किंवा धुऊन काढली काय, किंमत एकच. नॉर्टन आपल्या फेऱ्या मोठ्या फरकाने जिंकत होता आणि अली आपल्या फेऱ्या केसाच्या अंतराने. मी १९७६ ची लढत नॉर्टनला देतो ती याचसाठी: त्या केसाच्या अंतराच्या फेऱ्यांतल्या निदान दोन माझ्या डोळ्यांना अलीच्या वाटत नाहीत.

चौदा फेऱ्या झाल्या तेव्हा दोन्ही जजांच्या कार्डांवर सात-सात होती. हे रिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. कार्डं निकालापर्यंत गुप्त राहतात. नॉर्टनच्या कोपऱ्याने अंदाज बांधला की आपण पुढे आहोत, आणि त्याला सांभाळून खेळायला सांगितलं. उगाच धोका नको, पडू नकोस, किताब आपलाच आहे. नॉर्टनने ऐकलं. पंधरावी फेरी अलीने घेतली. दोन्ही जजांनी निकाल दिला आठ-सात, रेफ्री आर्थर मर्कांटे यांनी आठ-सहा आणि एक समान. तिन्ही अलीकडे. नॉर्टन रडत रिंगबाहेर पडला.

कोपऱ्याला दोष देणं सोपं आहे. मीही देतो, कारण १९७३ च्या दुसऱ्या लढतीचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. विजेत्याचा किताब हिसकावूनच घ्यावा लागतो, निसटत्या फेऱ्या विजेत्याकडेच झुकतात, ही समजूत नियमांत कुठेच लिहिलेली नाही. पण बॉक्सिंगमध्ये वावरलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक असते. तरी अलीच्या आठ फेऱ्यांपैकी आधीच्या सातही आठवल्या पाहिजेत. तिसरी फेरी आणि पंधरावी फेरी यांचं वजन कार्डावर सारखंच. नॉर्टनने शेवटची फेरी सोडली हे आपल्याला आठवतं कारण ती शेवटची होती. मधल्या कुठल्यातरी फेरीत अखेरचं अर्धं मिनिट त्याने अलीला मोकळं सोडलं, तिथेही लढत तेवढीच हरली गेली.

आपल्याकडे याचा चटका मेरी कोमच्या वेळी बसला. टोकियो ऑलिंपिकमध्ये, जुलै २०२१ ला, कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाविरुद्ध तीनपैकी दोन फेऱ्या पाच जजांत तीन-दोनने मेरीकडे गेल्या. पहिली मात्र चार-एकने व्हॅलेन्सियाकडे गेली होती. दोन फेऱ्या जिंकून मेरी हरली आणि रिंगमध्ये असताना तिला ते कळलंही नाही. आपण जिंकलो असंच तिला वाटत होतं. प्रत्येक जज तीन फेऱ्यांची बेरीज आपापली करतो, फेऱ्यांचा कौल एकत्र धरला जात नाही. गणित बरोबर होतं, पण पटायला जड गेलं.

नॉर्टनकडे परत येऊ. नोव्हेंबर १९७७ मध्ये लास व्हेगासला तो जिमी यंगशी लढला, पुन्हा पंधरा फेऱ्या, पुन्हा विभागलेला निर्णय. यावेळी तो नॉर्टनच्या बाजूने लागला. यंग जिंकला असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. नॉर्टनवर झालेल्या अन्यायाचे पोवाडे गाणारे ही लढत सोयीस्करपणे विसरतात. पुढच्या फेब्रुवारीत लिऑन स्पिंक्सने अलीला हरवलं. जागतिक बॉक्सिंग परिषदेचा आग्रह होता की स्पिंक्सने आधी नॉर्टनशी लढावं. स्पिंक्सला अलीशीच पुन्हा लढायचं होतं, त्यात पैसा होता. परिषदेने त्याचा किताब काढून घेतला आणि यंगवरचा विजय हीच विजेतेपदाची लढत धरून तो नॉर्टनला दिला. अशा रीतीने यांकी स्टेडियमवर न मिळालेला पट्टा त्याला कचेरीतून मिळाला.

तो पट्टा टिकवायला तो ९ जून १९७८ ला सीझर्स पॅलेसमध्ये लॅरी होम्ससमोर आला. होम्स तोवर अपराजित होता. काही दिवस आधी सरावात त्याच्या डाव्या दंडाचा स्नायू फाटला होता, आणि डावा जॅब हेच तर होम्सचं हत्यार. तरीही पहिल्या काही फेऱ्या त्याने त्या जॅबवरच काढल्या. मग नॉर्टन जवळ घुसला, पोट आणि बरगड्या फोडू लागला, आणि मधला बराच काळ त्याचा होता. इथे नेवाडाचे नियम होते: रेफ्रीकडे कार्ड नाही, तीन जज, प्रत्येक फेरीत जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला बहुधा नऊ. चौदा फेऱ्यांनंतर तिन्ही कार्डांवर आकडा एकच होता, १३३-१३३.

आणि पंधराव्यात नॉर्टन लढला! दोन वर्षांपूर्वीचा धडा तो विसरला नव्हता. तीन मिनिटं दोघे एकमेकांना सोडेनात. आधी नॉर्टन वरचढ, मग होम्स, मग पुन्हा नॉर्टन. शेवटी होम्सने अपरकट लगावत त्याला हलवलं आणि घंटा झाली. हेवीवेटच्या इतिहासातल्या सर्वोत्तम फेऱ्यांत ती गणली जाते. दोन जजांनी ती होम्सला दिली, एकाने नॉर्टनला. १४३-१४२, १४३-१४२, आणि उलट बाजूने पुन्हा १४३-१४२. फेऱ्यांत मांडलं तर हेही आठ-सातच. सांभाळून खेळला तेव्हा एका फेरीने गेला, जीव तोडून खेळला तेव्हाही एकाच फेरीने. ज्यांना पंधराव्या फेरीतच सगळं उत्तर दिसतं त्यांना मी हेच दाखवतो.

फरक एवढाच की होम्सने ती फेरी खरंच जिंकली होती. नॉर्टननेच अलीकडून शिकावी ती गोष्ट होम्स शिकला होता: घंटेच्या आधीचे क्षण आपले करायचे.

होम्सने मग सात वर्षं राज्य केलं. आधीच्या धरून एकूण ४८ लढती, ४८ विजय. सप्टेंबर १९८५ मध्ये मायकल स्पिंक्सने त्याला हरवलं. हा लिऑनचा भाऊ, खालच्या वजनगटातून वर आलेला. तिन्ही जजांनी स्पिंक्सला कौल दिला आणि त्यांतल्या दोघांचा आकडा होता १४३-१४२. त्या दोघांपैकी एक हॅरल्ड लेडरमन. १९७६ ला यांकी स्टेडियममध्ये आठ-सात लिहिणाऱ्या दोन जजांत हेच लेडरमन होते. होम्स नंतर जे काही बोलला ते इथे न लिहिलेलं बरं.

तोवर पंधरावी फेरीच जाऊ लागली होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा डुक कू किम चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत वारला. परिषदेने लगेच जागतिक लढती बारा फेऱ्यांवर आणल्या, आणि १९८८ पर्यंत बाकीच्या मोठ्या संघटनाही तिथे आल्या. जीव वाचवण्यासाठी ते हवंच होतं. पण हिशेबात एक बारीक बदल झाला, ज्याकडे फार कुणी बघत नाही. पंधरा हा विषम आकडा. समान फेरी दिली नाही तर कुणाची तरी आठ होतातच. बाराच्या दोन सारख्या वाटण्या होतात. मार्च १९९९ मध्ये लेनक्स लुईस आणि इव्हँडर होलिफील्ड यांच्या लढतीत एका जजने ११५-११५ लिहिलं, एकाने लुईसला, एकाने होलिफील्डला दिली, आणि जवळपास सगळ्यांनी लुईसच्या म्हणून पाहिलेली लढत बरोबरीत संपली.

१ डिसेंबर २०१८ ला लॉस एंजेलिसमध्ये टायसन फ्युरी आणि डिऑन्टे वाइल्डर यांचंही तेच झालं. फ्युरी नवव्या आणि बाराव्या फेरीत खाली पडला, दोन्ही वेळा उठला. कार्डं होती: ११५-१११ वाइल्डर, ११४-११२ फ्युरी, ११३-११३. पडण्याच्या त्या दोन फेऱ्या दहा-आठ धरून मागे हिशेब केला तर ११३-११३ लिहिणाऱ्या जजनेही फ्युरीला बारापैकी सात फेऱ्या दिल्या होत्या, आणि ११४-११२ वाल्याने आठ. म्हणजे १९७६ च्या न्यूयॉर्कच्या पद्धतीने, नुसत्या फेऱ्या मोजून, फ्युरी त्या रात्री जिंकला असता. नॉर्टनला मात्र नव्या पद्धतीनेही काही मिळालं नसतं. यांकी स्टेडियममध्ये कुणीच पडलं नव्हतं.

वाइल्डरशी पुन्हा लढण्याआधी फ्युरीने प्रशिक्षक बदलला, आणि मागे सरत गुण गोळा करण्याऐवजी अंगावर जाऊन ठोकायचं ठरवलं. जजांवर काही सोडणार नाही, असं तो उघड सांगत होता. २२ फेब्रुवारी २०२० ला लास व्हेगासमध्ये त्याने वाइल्डरला दोनदा पाडलं, आणि सातव्या फेरीत वाइल्डरच्याच कोपऱ्याने टॉवेल फेकला.