बघणाऱ्याच्या हाती आलेला कौल
लेखमाला : पडद्यासमोरची माणसं – भाग ६

सासू-सुनांच्या मालिका लागल्या की उठून जाणारी घरातली पोरं ‘बिग बॉस’ लागलं की का थांबतात? तयार उत्तर असं की दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची खोड माणसाला असतेच आणि कोवळ्या वयात ती जरा जास्त. हे उत्तर अपुरं आहे. डोकावण्यासाठी मुरुमसारख्या गावात टीव्ही कशाला हवा? उमरगा तालुक्यातलं, कर्नाटकाच्या सीमेजवळचं हे गाव. नगर परिषद असली तरी कोणाचा मुलगा कोणाच्या गाडीवर दिसला, कोणाची मुलगी कॉलेजातून किती वाजता परतली, ही बातमी तिन्हीसांजेच्या आत घरी पोचावी एवढंच त्याचं आकारमान. अशा गावात वाढणारं पोर स्वतःच चोवीस तास नजरेखाली असतं. त्याच्याकडे सगळे बघतात, त्याचा निकाल सगळे लावतात, त्याचं मत मात्र कोणी विचारत नाही. रिअ‍ॅलिटी शोमध्ये ही रीत उलटी होते. बघणारं तेच, निकाल लावणारंही तेच. ओढ आहे ती या उलट्या नजरेची.

‘बिग बॉस मराठी’चं पाचवं पर्व २८ जुलै २०२४ ला सुरू झालं, ते या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. त्यात बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण होता. लहानपणीच आईवडील गेलेले, शाळा आठवीच्या आसपास सुटलेली आणि नाव झालेलं टिकटॉकवर. ते अ‍ॅपही जून २०२० मध्ये देशात बंद झालं. घरातल्या बोलघेवड्या मंडळींत तो बराच काळ कोपऱ्यात दिसायचा, बोलला तरी अडखळत. त्याच्यासमोर होता अभिजीत सावंत, म्हणजे २००५ साली लोकांच्या एसएमएसवर पहिला ‘इंडियन आयडॉल’ झालेला गायक. ६ ऑक्टोबरला सूरज जिंकला, १४ लाख ६० हजार रुपये घेऊन गेला. अभिजीत दुसरा आला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये कन्नड ‘बिग बॉस’ही हावेरी जिल्ह्यातल्या हनुमंत लमाणी या मेंढपाळ गायकाने जिंकलं. सीमेच्या दोन्ही बाजूंना चार महिन्यांत एकच गोष्ट घडली. ज्याला चारचौघांत बोलता येत नाही म्हणून बाजूला बसवलं जातं, त्यालाच प्रेक्षकांनी मधोमध आणून बसवलं. मुलाखतीत भाषेवरून अडलेल्या, पुण्यात गेल्यावर ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाचा सूर ओळखणाऱ्या पोरांना यात काय दिसलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : हे सगळं आधीच लिहिलेलं, काटछाट केलेलं. काटछाट असतेच. दिवसभराच्या चित्रणातून तासभर दाखवायचं म्हटलं की कोणाला खलनायक करायचं हे संकलनाच्या टेबलावर ठरू शकतं. पण तरुण प्रेक्षकाला हे ठाऊक नाही, असं समजणं हा वडीलधाऱ्यांचा भाबडेपणा आहे. स्वतःचं रील दहादा कापूनच टाकणाऱ्याला कात्री कुठे लागली ते कळतं. कोण कॅमेऱ्यासाठी रडतंय आणि कोणाचं रडू खरंच फुटलंय, हे ओळखण्यातच निम्मी गंमत असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार : ही सहानुभूतीची मतं, वाहिनी गरिबी विकते. गरिबी विकली जाते, हे मान्यच करावं लागेल. तरी निव्वळ सहानुभूती किंवा निव्वळ चाहतेपण असतं, तर ते पुढेही टिकलं असतं. सूरजला नायक करून केदार शिंदे यांनी काढलेला ‘झापुक झुपूक’ २५ एप्रिल २०२५ ला आला आणि तिकीटबारीवर फारसा चालला नाही. नायक तोच, हसू तेच. थिएटरात फक्त कौल द्यायची सोय नव्हती. शेवट आधीच ठरलेला होता आणि प्रेक्षक पुन्हा नुसता प्रेक्षक झाला होता.

स्टीव्हन राइस आणि जेम्स विल्ट्झ या अमेरिकी संशोधकांनी २००४ मध्ये असं मांडलं होतं की रिअ‍ॅलिटी शो आवडणाऱ्यांमध्ये प्रतिष्ठेची ओढ इतरांहून जास्त आढळते. सामान्य माणूस पडद्यावर मोठा होताना पाहिला की आपणही मोठे होऊ शकतो असं वाटतं. हे पटतं, पण अर्धंच. लातूरचा रोहित राऊत २००९ साली ‘लिटल चॅम्प्स’च्या अंतिम पाचांत पोचला, तेव्हा मराठवाड्याला वाटलेला अभिमान या प्रकारचा होता. पण त्यासाठी गळा लागतो, रियाज लागतो. ‘बिग बॉस’मध्ये पोचायलाही काहीतरी नाव लागतंच. कौल द्यायला मात्र फोन पुरतो, आणि २०२४ मध्ये तर ते मत अ‍ॅपवर फुकट होतं. घरात कोणती शाखा घ्यायची, लग्न कधी करायचं, यावर ज्याचं मत मोजलं जात नाही, त्याच्यासाठी हे रात्रीचं मतदान पोरखेळ नसतं. खटकण्यासारखी बाब वेगळीच आहे. कोणाला किती मतं पडली, हे आकडे वाहिनी सहसा सांगतच नाही. एवढ्या हौसेने दिलेला कौल कोणत्या पेटीत पडतो, ती पेटी कोण उघडतं आणि त्यातून पैसा कोणाचा होतो, हे पुढच्या भागात.