डेटाची वाट, भाग ९ : हिरवा चौकोन, चुकलेला आकडा

गेल्या भागात आपण एअरफ्लोमधला एक छोटा डॅग, म्हणजे कामं ठरल्या वेळी ठरल्या क्रमाने चालवायचा आराखडा, हाताने लिहिला. तोच डॅग क्लॉड कोड, कर्सर किंवा कोपायलट अशा एआय टूलला चार वाक्यांत सांगितला तर मिनिटाभरात लिहून मिळतो आणि बहुतेकदा चालतोही. मग तो हाताने लिहायला शिकायचं कशाला? उत्तर शोधायला एअरफ्लोच घेऊ, कारण डेटाच्या कामातल्या चुका कुठे दडून बसतात हे तिथे फार स्वच्छ दिसतं.

मॅक्सिम बोशमाँ यांनी २०१४ मध्ये एअरबीएनबी कंपनीत एअरफ्लोचं काम सुरू केलं. २०१५ मध्ये कोड सर्वांसाठी खुला झाला, २०१६ मध्ये तो अपाचे फाउंडेशनच्या इन्क्युबेटरमध्ये गेला आणि २०१९ मध्ये अपाचेचा स्वतंत्र प्रकल्प बनला. तिसरी आवृत्ती आली ती एप्रिल २०२५ मध्ये. म्हणजे त्याआधीची दहा वर्षं लोकांनी पहिल्या दोन आवृत्त्यांसाठी डॅग लिहिले, लेख लिहिले, प्रश्न विचारले, उत्तरं दिली. एआय मॉडेलं शिकली आहेत ती मुख्यतः या जुन्या साठ्यावर.

त्याचा पहिला परिणाम लगेच दिसतो. टूल तुम्हाला डॅगमध्ये ‘शेड्यूल_इंटरव्हल’ लिहून देतं किंवा टास्कमध्ये ‘एक्झिक्यूशन_डेट’ वापरतं. तिसऱ्या आवृत्तीत ही दोन्ही नावं काढून टाकलेली आहेत. कोड पडतो, लाल अक्षरांत एरर येते, ती परत टूलला दिली की ते ‘शेड्यूल’ आणि ‘लॉजिकल_डेट’ लिहून मोकळं होतं. अशा चुकीचा मला काहीच त्रास वाटत नाही. ती स्वतःच ओरडून सांगते की मी इथे आहे.

खरी गोम पुढे आहे. समजा, डॅग रोज यूटीसीनुसार रात्री दोन वाजता चालतो आणि आदल्या चोवीस तासांच्या ऑर्डर उचलतो. दुसऱ्या आवृत्तीत १५ तारखेला दोन वाजता सुरू झालेल्या रनचा डेटा इंटरव्हल १४ तारखेच्या दोनपासून १५ तारखेच्या दोनपर्यंत असायचा आणि त्याची तारीख १४ धरली जायची. नव्या लोकांना हे फार गोंधळात टाकायचं. तिसऱ्या आवृत्तीत क्रॉनने दिलेल्या वेळापत्रकाचं मूळ वर्तनच बदललं. आता सेटिंग मुद्दाम बदललं नाही तर त्याच रनची तारीख १५ असते आणि इंटरव्हलची सुरुवात आणि शेवट दोन्ही १५ तारखेचे दोन वाजता. लांबी शून्य.

आता टूलने जुन्या सवयीने क्वेरी लिहिली की ‘इंटरव्हलच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतच्या ऑर्डर घे’, तर काय होईल? एकही ओळ येणार नाही. कोड बरोबर, सिंटॅक्स बरोबर, नावं नवी, टास्क यशस्वी, एअरफ्लोच्या पडद्यावर हिरवा चौकोन. शून्य ओळी निदान कुणाच्या तरी नजरेत भरतील. पण क्वेरी तारखेच्या पार्टिशनवर असेल तर ती १४ ऐवजी १५ तारखेचं पार्टिशन वाचते, ज्यात जेमतेम दोन तासांचा डेटा जमलेला असतो. आकडा येतो, लहान असतो, पण अशक्य वाटत नाही. डॅशबोर्ड पाहणाऱ्याला विक्री घसरल्यासारखी वाटते आणि मीटिंगमध्ये कारणं शोधली जातात.

वेबसाइटचं बटण मोडलं तर वापरणारा तक्रार करतो. आकडा तक्रार करत नाही. कोड चालला एवढ्यावर समाधान मानणं डेटा इंजिनिअरला परवडत नाही ते यामुळे. आणि ‘चालला’ या टप्प्यापर्यंत पोहोचण्यात एआय टूल आता पटाईत झाली आहेत.

भारतातल्या वाचकांना याच जातीची आणखी एक चूक रोज भेटते. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. टूलला ‘रोजची विक्री काढ’ एवढंच सांगितलं तर ते टाइमस्टॅम्पवरून सरळ तारीख काढतं. डेटा यूटीसीत साठवलेला असला की मध्यरात्र ते साडेपाच या वेळेतल्या सगळ्या ऑर्डर आदल्या दिवसाच्या खात्यात जातात. महिन्याची बेरीज जवळपास जुळते, त्यामुळे संशयही येत नाही.

टूलची आणखी एक सवय मला जास्त खटकते. दोन टेबलं जोडली आणि एका बाजूला किल्ली एकाहून जास्त वेळा असली की ओळी फुगतात. टूलला सांगा, ‘डुप्लिकेट येताहेत’, की ते बहुधा ‘डिस्टिंक्ट’ लावून देतं. ओळी कमी होतात, पण किल्ली दोनदा का आली हा प्रश्न तसाच गाडला जातो. एकाच ग्राहकाच्या एकाच रकमेच्या दोन खऱ्या ऑर्डर असतील आणि निवडलेल्या कॉलममध्ये ऑर्डर क्रमांक नसेल, तर त्यातली एक खरी ऑर्डरही बेमालूम नाहीशी होते.

हा कोड तुमच्या कंपनीपुरता असेल तर निस्तरणारे तुम्हीच. ओपन सोर्समध्ये मात्र तो दुसऱ्या कुणाच्या तरी पुढ्यात जाऊन पडतो. पुल रिक्वेस्ट वाचणारे मेंटेनर बहुतेकदा नोकरी सांभाळून हे काम करतात. पूर्वी पाचशे ओळींचा बदल पाठवायला पाठवणाऱ्याचेही काही दिवस जायचे, आणि त्या कष्टातूनच कळायचं की माणूस गंभीर आहे. आता लिहायला पाच मिनिटं पुरतात, वाचायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो. हा तोल बिघडणं ही मला आजच्या ओपन सोर्सपुढची सर्वांत मोठी अडचण वाटते.

कर्ल या प्रकल्पात ते उघड दिसलं. डॅनियल स्टेनबर्ग यांनी उभ्या केलेल्या या प्रकल्पात २०१९ पासून सुरक्षेतली त्रुटी दाखवणाऱ्याला बक्षीस मिळायचं. एआयने रचलेले, वाचायला अगदी खरे वाटणारे, पण तपासल्यावर पोकळ निघणारे अहवाल इतके वाढले की २०२६ च्या सुरुवातीला ती योजना बंद केली गेली. पण याच स्टेनबर्ग यांनी २०२५ मध्ये एआयच्या मदतीने शोधलेल्या कित्येक खऱ्या चुका स्वीकारल्या आणि त्या शोधणाऱ्याचं जाहीर कौतुकही केलं. टूल दोन्हीकडे एआयचंच होतं. एकीकडे माणसाने निष्कर्ष स्वतः पडताळून पाठवला होता, दुसरीकडे पडताळणीचा भार मेंटेनरवर ढकलला होता.

प्रकल्पांनी आपापल्या परीने नियम केले आहेत. जेंटूने २०२४ मध्ये आणि क्यूईएमयूने २०२५ मध्ये एआयने लिहिलेला कोड घ्यायचं नाकारलं; कॉपीराइटची आणि परवान्याची अनिश्चितता हे त्यामागचं एक मोठं कारण. अपाचे फाउंडेशनने दार उघडं ठेवलं आहे. परवान्याच्या अटी पाळल्या जात असतील तर असा कोड चालतो, आणि कमिट संदेशात ‘जनरेटेड-बाय’ अशी ओळ लिहून टूलचं नाव द्यावं अशी शिफारस आहे. ती ओळ लिहायला संकोचू नका. कोड कुठून आला हे लपवणाऱ्याचा पुढचा बदल कुणी विश्वासाने वाचत नाही.

वेग खरंच वाढतो का, यावर मेटर या संशोधन संस्थेचा २०२५ मधला प्रयोग वाचण्यासारखा आहे. आपापल्या ओपन सोर्स प्रकल्पात मुरलेले १६ डेव्हलपर आणि २४६ कामं. काही कामांत एआय वापरायची मुभा, काहींत मनाई. मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावर मात्र त्याच डेव्हलपरांना वाटत होतं की आपला २० टक्के वेळ वाचला. टूल २०२५ च्या सुरुवातीची होती आणि माणसं आपला कोड तळहातासारखा ओळखणारी, तेव्हा हा आकडा सगळ्यांना लागू करू नये. पण ‘वाटलं’ आणि ‘झालं’ यांतलं अंतर मात्र प्रत्येकाने आपल्या कामात मोजून बघावं.

मी ही टूल रोज वापरतो आणि सोडणार नाही. अनोळखी प्रकल्पात शिरताना ‘हा बदल कोणकोणत्या फाइलींना लागतो’ हे विचारायला त्यांच्याइतका चिकाटीचा सोबती नाही. फक्त एक क्रम मी मोडत नाही. टूलला कामाला लावण्याआधी उत्तर हाताने काढून ठेवतो. दहा-बारा ओळींची पार्केट फाइल बनवायची. त्यात एक ऑर्डर मध्यरात्रीनंतरची, एक ग्राहक दोनदा आलेला, एक रक्कम रिकामी. मग अपेक्षित बेरीज कागदावर मांडायची आणि तीच टेस्टमध्ये लिहायची. त्यासाठी डकडीबी हाताशी असावं. ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत जन्मलेला हा डेटाबेस सर्व्हरशिवाय लॅपटॉपवर चालतो आणि पार्केट थेट वाचतो. टेस्टही टूलकडूनच लिहून घेतली तर कोड लिहिताना जो गैरसमज झाला तोच टेस्टमध्ये उतरतो आणि दोघं एकमेकांना बरोबर ठरवतात.

नंतर तोच डॅग त्याच तारखेसाठी दोनदा चालवायचा. दुसऱ्या वेळी ओळी दुप्पट झाल्या तर टूलने जुनं पार्टिशन न पुसता त्यात भर घातली आहे, आणि रात्री एखादी टास्क पडून पुन्हा चालली की हेच प्रत्यक्षात होणार. पुल रिक्वेस्ट पाठवताना या दोन्ही तपासण्यांचे पुरावे वर्णनात द्या : कोणता डेटा घेतला, किती ओळी अपेक्षित होत्या, किती आल्या. मेंटेनरला तुमचा हेतू ओळींमधून हुडकावा लागू नये.

पुढच्या आठवड्यात आइसबर्ग या टेबल फॉरमॅटकडे वळू. दोन रन एकाच वेळी एकाच टेबलात लिहू लागले तर कुणाचं लिहिणं टिकतं, हे त्याच्या स्नॅपशॉटमधून पाहायचं आहे. वर सांगितलेली पार्केट फाइल जपून ठेवा, तिथे तीच लागेल.