स्टार्टअपसाठी क्लाउड सेवा : पहिले बिल शून्याचे, खरा हिशेब नंतरचा

नवी दिल्ली : नव्याने स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या जमाखर्चात पहिल्या वर्षी क्लाउड सेवेचा रकाना बहुधा रिकामाच असतो. सर्व्हर चालू असतात, डेटाबेस भरत जातो, ग्राहक वाढत असतात. बिल मात्र शून्याचे येते. कारण मोठे पुरवठादार पात्र स्टार्टअपना 'क्रेडिट' या नावाने आगाऊ सवलत देतात. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस, म्हणजे एडब्ल्यूएसच्या 'ॲक्टिव्हेट' योजनेत ती एक लाख डॉलरपर्यंत गेलेली आहे, तर गूगल क्लाउडने दोन वर्षांत मिळून दोन लाख डॉलरपर्यंतची सवलत देऊ केली आहे. मायक्रोसॉफ्टचीही अशीच योजना आहे. गुंतवणूकदार अथवा इन्क्युबेटर ज्या कंपनीचे क्रेडिट मिळवून देतो, तीच कंपनी पुरवठादार ठरते. निवड म्हणून वेगळी होतच नाही.

ही सवलत नाकारण्याचे कारण नाही. मात्र ती संपते. गूगलच्या योजनेत दुसऱ्या वर्षी वापराच्या केवळ २० टक्के रक्कम क्रेडिटमधून वळती होण्याची रचना राहिली आहे. म्हणजे ज्या सुमारास उत्पादन बाजारात रुळते आणि वापर वाढतो, त्याच सुमारास बिल खऱ्या आकाराचे होते. तोवर संपूर्ण प्रणाली त्या एका पुरवठादाराभोवती बांधली गेलेली असते. त्यामुळे निवडीच्या वेळी विचारायचा पहिला प्रश्न 'आत किती स्वस्तात येता येईल' हा नसून 'बाहेर पडायचे झाल्यास काय पडेल' हा आहे.

बाहेर पडण्याचा हा खर्च रोजच्या बिलातही दिसतो. एडब्ल्यूएसच्या मुंबईतील केंद्रांत एक जीबी माहिती महिनाभर साठवण्याचा प्रचलित दर सुमारे अडीच सेंट आहे. तीच एक जीबी इंटरनेटवरून ग्राहकापर्यंत पोहोचवण्याचा दर सुमारे ११ सेंट आहे. माहिती आत आणणे मोफत, ठेवणे स्वस्त आणि बाहेर नेणे महाग, अशी ही आकारणी आहे. तिला या व्यवसायात 'एग्रेस' शुल्क म्हणतात.

समजा, इंदूरमध्ये सहा जणांची एक कंपनी स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना शिकवणीच्या चित्रफिती पुरवते. चित्रफितींचा साठा दोन हजार जीबीचा आहे. तो ठेवण्याचा खर्च महिना ५० डॉलर, म्हणजे डॉलरचा दर ९० रुपये धरल्यास साडेचार हजार रुपये. आता २० हजार विद्यार्थ्यांनी महिन्याकाठी प्रत्येकी केवळ अर्धा जीबी पाहिले, तर दहा हजार जीबी माहिती बाहेर जाते. पहिले १०० जीबी मोफत धरूनही हे बिल एक हजार ८० डॉलरच्या घरात, म्हणजे सुमारे ९७ हजार रुपये होते. १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळवता आकडा एक लाख १५ हजारांच्या आसपास जातो. करातील रक्कम नोंदणीकृत कंपनीला पुढे वळती करून घेता येते, परंतु त्या महिन्यात ती खिशातूनच द्यावी लागते. इतक्या रकमेत एका तरुण अभियंत्याचा दोन-तीन महिन्यांचा पगार होतो. क्रेडिट असताना हा आकडा कुणाच्या डोळ्यांवर आलेला नसतो.

याच कामासाठी वेगळी आकारणी करणारेही आहेत. डिजिटलओशनचे बंगळूरु येथे केंद्र आहे; तेथे सर्व्हरच्या भाड्यातच ठरावीक माहितीवहन धरलेले असते आणि त्यापुढील प्रत्येक जीबीला सुमारे एक सेंट पडतो. क्लाउडफ्लेअरच्या 'आर-टू' या साठवण सेवेत बाहेर नेण्याचे शुल्क आकारलेच जात नाही. याचा अर्थ हे पुरवठादार सर्वांसाठी उत्तम, असा नव्हे. एडब्ल्यूएस, ॲझ्युअर किंवा गूगलकडे मिळणाऱ्या शेकडो पूरक सेवा त्यांच्याकडे नाहीत. पण ज्या कंपनीचे काम मुख्यतः चित्रफिती पोहोचवण्याचे आहे, तिने शेकडो सेवांची यादी पाहून भुलण्यात अर्थ नाही. हिशेब स्वतःच्या वापराचा मांडावा लागतो. चित्रफितींऐवजी दुकानांसाठी बिले तयार करणारे सॉफ्टवेअर असेल, तर बाहेर जाणारी माहिती नगण्य असते आणि हेच गणित उलटे होते.

डॉलरचा मुद्दाही यातच येतो. मोठे परदेशी पुरवठादार भारतीय उपकंपनीमार्फत रुपयांत बिल देतात, तरी त्यांचे दरपत्रक मुळात डॉलरमध्ये असते. एडब्ल्यूएसने जून २०१६ मध्ये मुंबईत केंद्र सुरू केले, तेव्हा डॉलर सुमारे ६७ रुपयांचा होता; २०२५ च्या अखेरीस तो ९० च्या घरात गेला. ज्या स्टार्टअपचे ग्राहक रुपयांत पैसे देतात, तिच्यासाठी ही दरवाढच आहे, आणि तिची सूचना देणारे पत्र कधी येत नाही.

पैसे भरण्याच्या पद्धतीतही एक भारतीय अडचण आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून होणाऱ्या सर्वसाधारण आवर्ती कपातीची रक्कम १५ हजार रुपयांहून अधिक असल्यास प्रत्येक वेळी ग्राहकाची स्वतंत्र पडताळणी लागते. लहान कंपन्यांत क्लाउडचे खाते अनेकदा एखाद्या संस्थापकाच्या वैयक्तिक ईमेलवर आणि त्याच्याच कार्डावर उघडलेले असते. बिल १५ हजारांच्या वर गेले, पडताळणीचा संदेश पाहायचा राहिला आणि थकबाकीमुळे सेवा स्थगित झाली, असा प्रसंग त्यातून ओढवतो. संस्थापक वेगळे झाले तर प्रश्न आणखी अवघड होतो. खाते पहिल्या दिवसापासून कंपनीच्या नावावर, कंपनीच्या ईमेलवर आणि दुहेरी पडताळणीसह असणे ही बाब क्षुल्लक वाटते. पुरवठादार कोणता, या चर्चेहून ती अधिक निकडीची आहे. खर्चाची मर्यादा ठरवून दिली तरी मोठ्या पुरवठादारांकडे मर्यादा ओलांडल्याची सूचना येते, सेवा आपोआप थांबतेच असे नाही, हेही अनेकांना बिल आल्यावरच कळते.

माहिती कोठे ठेवायची, हा यापुढचा प्रश्न. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे केंद्रे सुरू केली. गूगल क्लाउड २०१७ मध्ये मुंबईत आणि २०२१ मध्ये दिल्ली परिसरात आले. एडब्ल्यूएसने २०२२ मध्ये हैदराबाद येथे दुसरे केंद्र उघडले. नाशिकची ईएसडीएस, नवी मुंबईतील पनवेल येथे मोठे डेटा सेंटर असलेली योट्टा, दिल्लीची ई-टू-ई नेटवर्क्स हे भारतीय पर्यायही आहेत. तरीही कित्येक नव्या प्रणाली अमेरिकेतील केंद्रांवर चालू होतात. कारण साधे असते : शिकण्यासाठी वापरलेल्या नमुन्यात तेच केंद्र लिहिलेले होते आणि ते बदलायचे राहून गेले. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत एका विनंतीला जाऊन येण्यास सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. एका पानासाठी अशा आठ-दहा फेऱ्या होत असतील, तर ग्राहकाला ते ॲप मंद वाटते. २० ऑक्टोबर २०२५ रोजी एडब्ल्यूएसच्या व्हर्जिनियातील केंद्रात डेटाबेस सेवेच्या नावनोंदणी यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा जगभरातील अनेक संकेतस्थळे व ॲप काही तास विस्कळीत झाली होती.

कायद्याच्या बाबतीत गैरसमज अधिक आहेत. प्रत्येक भारतीय कंपनीने सर्व माहिती भारतातच ठेवली पाहिजे, असा सरसकट नियम नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार केंद्र सरकार विशिष्ट देशांकडे माहिती पाठवण्यास निर्बंध घालू शकते. सर्वत्र मनाई केलेली नाही. मात्र रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाद्वारे पैशांच्या देयक व्यवहारांची माहिती केवळ भारतात साठवण्याचे बंधन घातले आहे. सायबर सुरक्षेची शासकीय यंत्रणा सर्ट-इन हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळवावी लागते आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. पुरवठादार या नोंदी मूळ भाड्यात किती दिवस ठेवतो आणि त्यापुढे काय आकारतो, हे म्हणूनच आधी विचारायला हवे.

वैयक्तिक माहिती फुटल्यास जबाबदारी कुणाची, हेही स्पष्ट आहे. पुरेशी सुरक्षा न राखल्यास २०२३ च्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि उत्तरदायित्व ज्याने माहिती गोळा केली त्या कंपनीचे आहे. साठवणाऱ्या पुरवठादाराकडे बोट दाखवून सुटका होत नाही. इमारत, वीज, यंत्रे यांची सुरक्षा पुरवठादाराची. पासवर्ड, परवानग्या आणि साठा सार्वजनिक आहे की खासगी, ही सारी ग्राहकाची, अशी विभागणी बहुतेक सर्व करारांत असते. बँक, विमा कंपनी किंवा सरकारी खाते ग्राहक म्हणून मिळवायचे असेल, तर त्यांच्या प्रश्नावलीत पुरवठादाराला केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या सूचीत स्थान आहे का, हे विचारले जाण्याची शक्यता मोठी असते. येथे दोन-चार हजारांची बचत करून निवडलेला पुरवठादार पुढे मोठे कंत्राट गमावण्यास कारण ठरू शकतो.

सेवेच्या हमीची टक्केवारी वाचतानाही सावधगिरी लागते. ९९.९९ टक्के म्हणजे महिन्यात सुमारे सव्वाचार मिनिटे खंड, ९९.५ टक्के म्हणजे साडेतीन तासांहून अधिक. एडब्ल्यूएसच्या संगणन सेवेत अनेक केंद्रांत विभागलेल्या मांडणीला पहिली हमी आहे, एकट्या सर्व्हरला दुसरी. खर्च वाचवण्यासाठी एकच सर्व्हर घेणारी कंपनी जाहिरातीतील मोठ्या हमीस पात्र नसते. शिवाय हमी मोडली तरी भरपाई रोख मिळत नाही, पुढील बिलात सवलत मिळते. ग्राहक दुखावल्याची किंमत तीत धरलेली नसते.

याहून गंभीर प्रश्न माहितीच नाहीशी होण्याचा आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांच्या राखीव प्रतीही त्याच परिसरात होत्या, त्यांची माहिती परत आली नाही. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगल क्लाउडवरील खाते मांडणीतील चुकीमुळे हटवले गेले. सहा लाखांहून अधिक सभासदांच्या या निधीने दोन भौगोलिक क्षेत्रांत प्रती ठेवल्या होत्या. खातेच गेल्याने दोन्ही गेल्या. दुसऱ्या पुरवठादाराकडे राखीव प्रत होती म्हणून सेवा पूर्ववत करता आली, असे उभय पक्षांच्या संयुक्त निवेदनात म्हटले होते. एका अवाढव्य निधीला जे परवडले, ते लहान कंपनीलाही परवडते. डेटाबेसची रोजची एक संकुचित प्रत दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवण्याचा खर्च लहान कंपनीच्या बाबतीत महिना काही शे रुपयांपलीकडे क्वचितच जातो. ती प्रत अधूनमधून प्रत्यक्ष उघडून पाहावी लागते, एवढेच.

संपूर्ण प्रणालीच दोन पुरवठादारांवर चालवण्याचा सल्ला मात्र सहा जणांच्या कंपनीने मनावर घेऊ नये. दोन्ही डगरींवर हात ठेवण्यासाठी लागणारी माणसे तिच्याकडे नसतात. त्याऐवजी बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा ठेवणे पुरते, आणि तो तांत्रिक निवडींतून राहतो. पोस्टग्रेएसक्यूएलसारखा खुला डेटाबेस सर्वत्र मिळतो. तो उचलून दुसरीकडे नेणे काही दिवसांचे काम असते. एखाद्या पुरवठादाराचाच खास डेटाबेस वापरला, तर प्रारंभी काम झपाट्याने होते, पण सोडून जाताना प्रणालीचा मोठा भाग नव्याने लिहावा लागतो. हा सौदा कधीकधी योग्यही असतो. तो सौदा आहे, हे माहीत असावे.

क्लाउड सोडून गेलेल्या कंपन्यांची उदाहरणे हल्ली वारंवार दिली जातात. ड्रॉपबॉक्सने २०१८ च्या भागविक्रीच्या दस्तऐवजात स्वतःच्या यंत्रणेकडे वळून दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचवल्याचे नमूद केले. अमेरिकेतील थर्टीसेव्हन सिग्नल्सचे २०२२ मधील क्लाउड बिल ३२ लाख डॉलर होते. तीही स्वतःच्या सर्व्हरकडे वळली. या दोन्ही कंपन्यांचा वापर स्थिर व अंदाज बांधता येण्याजोगा होता आणि यंत्रे सांभाळणारे अनुभवी मनुष्यबळ त्यांच्याकडे होते. उद्या ग्राहक दोनशे असतील की वीस हजार, हे ज्या कंपनीला सांगता येत नाही, तिच्यासाठी भाड्याने घेणेच रास्त.

स्थलांतर करणाऱ्या ग्राहकांकडून माहिती बाहेर नेण्याचे शुल्क न घेण्याची घोषणा गूगल, एडब्ल्यूएस व मायक्रोसॉफ्ट या तिघांनी २०२४ च्या प्रारंभी केली. ही सवलत पूर्णपणे निघून जाणाऱ्यांसाठी आहे, तिच्या अटी वेगवेगळ्या आहेत आणि रोजच्या वापराचे शुल्क तीत येत नाही. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून, पुरवठादार बदलण्याचे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून घेता येणार नाही, अशी तरतूद त्यात आहे. भारतीय कायद्यात अशी स्वतंत्र तरतूद नाही. येथील स्टार्टअपला मिळणारे संरक्षण तिने स्वाक्षरी केलेल्या करारातील कलमांपुरतेच आहे.