बटाटा गेला, मग चुलीवर काय?

आयर्लंडच्या पश्चिमेस मेयो, डोनेगल हा डोंगराळ मुलूख. तिथल्या पडीक उतारांवर आजही जुन्या वरंब्यांच्या रेषा दिसतात. ते वरंबे बटाट्याचे.

१८४५ पूर्वी तिथल्या गरीब कुळाचे जेवण म्हणजे उकडलेला बटाटा आणि मिळालेच तर ताक. कष्टकरी गडी दिवसाला ५-६ किलो बटाटे खाई. लोणी आणि ओट धान्य विकून खंड भरायचा. जमीन तुकडाभर, तेवढ्यात कुटुंबाचे पोट भरणारे दुसरे पीक नव्हते. त्यातही बहुतेक गरिबांनी ‘लंपर’ ही एकच जात लावलेली. १८४५ मध्ये करपा आला. पुढच्या वर्षी तर जवळजवळ सगळे पीक शेतातच सडले. १८५२ पर्यंत सुमारे १० लाख माणसे भुकेने व रोगराईने दगावली; तितकीच देशोधडीला लागली.

सरकारने अमेरिकेहून मका आणला. तो दळण्या-शिजवण्याची रीत कोणाला ठाऊक नव्हती. अर्धाकच्चा खाऊन पोटे बिघडली. पण पुढे बायकांनी तोच मका आपलासा केला. त्या पिवळ्या पिठाची दाट पेज घरोघरी शिजू लागली. जोडीला ओटची पेज आणि भाकरी होतीच.

मग खेडोपाडी खायचा सोडा पोचला. गव्हाच्या पिठात मीठ, सोडा घालून ते आंबट ताकात कालवायचे. ताक आणि सोडा एकत्र आले की पीठ फुगते. आंबवण लागत नाही. गोळा लोखंडी भांड्यात ठेवून झाकणावर निखारे रचायचे, की झाला पाव.

बटाटाही परतला, पण जोडीदार घेऊन. लीट्रिम भागातली ‘बॉक्स्टी’ भगिनींनी करून पाहावी. २ कच्चे बटाटे किसून फडक्यात घट्ट पिळावेत. त्यात २ उकडलेले कुस्करलेले बटाटे, वाटीभर कणीक, मीठ व चिमूटभर सोडा घालावा. ताकाने सैल करून तव्यावर थापावे आणि दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावे.

करप्यावर उपाय सापडला तो १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये. मोरचूद आणि चुन्याचे ते बोर्डो मिश्रण आपले द्राक्षबागायतदार ओळखतातच. पण तोवर ४० वर्षे उलटली होती.

शेतकरी बंधूंनो, पीक भरघोस येते म्हणून सारे रान एकाच वाणाखाली घालू नका. थोडी जागा घरच्या कडधान्याला, थोडी भाजीपाल्याला ठेवा. एक पीक बुडाले तरी चूल पेटती राहील.