सेंटिनेलींना लस टोचावी का?

अंदमानजवळच्या उत्तर सेंटिनेल बेटावर नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन धर्मप्रचारक मारला गेला. तेव्हापासून दवाखान्यात अधूनमधून प्रश्न निघतो, “डॉक्टर, त्या लोकांना निदान लस तरी टोचून यायला नको का?” प्रश्न मायेपोटी येतो, म्हणून उत्तर नीट दिले पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. असे एकाकी लोक साथीत मरतात ते प्रकृतीने दुबळे असतात म्हणून नव्हे. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही. त्यामुळे टिकून राहण्यासाठी त्या विषाणूला सतत नवी मुले, म्हणजे काही लाखांची वस्ती लागते. लहान बेटावर तो येतो, सगळ्यांना गाठतो आणि संपतो. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर १८४६ मध्ये कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर गोवर पोचला. सुमारे आठ हजार वस्तीपैकी सहा हजार लोक काही महिन्यांत आजारी पडले. पॅनम या तरुण डॉक्टरने जाऊन पाहिले, तर १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता ती म्हातारी माणसे सुटली होती. मधली ६५ वर्षे तिथे गोवर नव्हताच. आणि हे लोक युरोपातले, धडधाकट, दर्यावर्दी!

आपल्या घरी मुलाला गोवर आला तर आई पेज भरवते, पाणी पाजते. पण आई, बाप, आजी, शेजारी सगळेच एका आठवड्यात तापाने आडवे झाले तर? शिकारीला कोण जाणार, पाणी कोण आणणार, अंगावर पिणाऱ्या पोराला कोण घेणार? पाठोपाठ न्यूमोनिया आणि जुलाब येतातच.

अंदमानात हे घडून गेलेले आहे. सेल्युलर जेल आपल्याला माहीत आहे. कैद्यांची वसाहत त्याच्या कितीतरी आधीची, १८५८ ची. तेव्हा ग्रेट अंदमानी लोक काही हजार होते. १८७७ च्या गोवराने वस्त्या ओस पडल्या, उपदंशाने आणखी हानी केली. १९६१ च्या जनगणनेत ते १९ उरले होते. आज पन्नासच्या आसपास आहेत. १८८० मध्ये पोर्टमन या इंग्रज अधिकाऱ्याने सेंटिनेलवरून एक वृद्ध जोडपे व चार मुले पकडून पोर्ट ब्लेअरला नेली. सगळी आजारी पडली, जोडपे दगावले, मुलांना भेटवस्तू देऊन बेटावर परत सोडले. आजारी मुले, आणि भेटवस्तू!

लसच का नको? गोवराची लस दोनदा द्यावी लागते आणि परिणामाला दोनेक आठवडे लागतात. फ्लूची लस दरवर्षी नवी. साध्या सर्दीला लसच नाही, आणि टोचायला जाणारा नेमकी तीच घेऊन जाऊ शकतो, स्वतःला शिंक येण्याआधीच. शिवाय त्यांची भाषा बाहेर कोणालाच येत नाही, मग संमती कोणाची घेणार? बाण रोखून उभ्या माणसाला धरून सुई टोचणे याला मी तरी उपचार म्हणणार नाही.

मात्र ज्यांचा बाहेरच्यांशी संबंध येऊन गेला त्यांना डॉक्टर नाकारणे हा गुन्हाच. जरावा लोक १९९७ च्या सुमारास आपण होऊन जंगलाबाहेर येऊ लागले. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवर पसरला, तेव्हा रुग्णालयात ठेवून उपचार करावे लागले आणि ते योग्यच होते. आपल्या हेमलकशाला १९७३ पासून चाललेले कामही याच जातीचे. माडिया लोकांपर्यंत व्यापारी आणि जंगल खाते आधीच पोचले होते. पोचला नव्हता तो डॉक्टर.

सेंटिनेलींसाठी आपण करायचे ते त्यांच्या भोवतालच्या समुद्रात. तिथे जायला कायद्याने बंदी आहे, ती कसून पाळली गेली पाहिजे. मार्च २०२५ मध्ये आणखी एक अमेरिकन तिथे उतरून नारळ आणि शीतपेयाचा डबा ठेवून आला व पकडला गेला.

आपल्याकडून हल्ली पुष्कळ मंडळी अंदमानच्या सहलीला जातात. बाराटांगच्या रस्त्यावर गाड्या जरावांच्या जंगलातून जातात. तिथे गाडी थांबवू नये, फोटो काढू नयेत, बिस्किटे तर मुळीच देऊ नयेत. घरात कोणाला गोवर, कांजिण्या किंवा ताप-खोकला असेल तर सहल पुढे ढकलावी.